न लागलेली जोड



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही कुस्तीवर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, गेटसभेत आणि कुस्तीच्या फडाच्या कडेला बसून झाले. तेव्हा विषय आमच्या अभ्यासक्रमाबाहेरचा नाही, एवढे आश्वासन आरंभीच देतो.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा होतात. देवाची पालखी फिरते, आणि उन्हे कलली की कुस्त्या सुरू होतात. आधी लहान पोरांच्या रेवडीवरच्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी कुस्ती. आसनगाव-वासिंदकडची पोरे येतात, कल्याण-भिवंडीकडच्या तालमींतली येतात, माळशेज उतरून घाटावरचे पैलवान येतात. पण फडात जेवढ्या कुस्त्या होतात त्याहून अधिक कुस्त्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होतात. गामा आणि मारुती माने यांची लागली असती तर? श्रीपती खंचनाळे ऐन भरात असताना समोर सतपाल आला असता तर? या कुस्त्यांना इनाम नाही, पंच नाही आणि निकालही नाही. एका जत्रेत या वादापायी दोन व्याही भरल्या पंगतीवरून उठून गेलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

शहाणे लोक या वादाला पोरकट म्हणतात. आमचे मत तसे नाही. वाद चांगला आहे. तो घालण्याची रीत मात्र चुकते. ती कशी चुकते आणि त्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम गामाचे पाहू, कारण अशा प्रत्येक वादात एका बाजूला गामा असतोच. पंजाबातला हा मल्ल १९१० साली विलायतेस गेला. तेथे त्याने रोलर नावाच्या अमेरिकन मल्लास हरविले, आणि १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची कुस्ती झाली. झिबिस्को वजनाने गामापेक्षा बराच भारी. गामाने त्याला लवकरच खाली घेतले. पण झिबिस्को जो गादीला पोट लावून पडला तो उठेचना. अडीच तासांच्या वर ही झटापट चालली आणि निकाल न लागताच थांबवावी लागली. आठवड्याने, १७ सप्टेंबरला, पुन्हा लढण्याचे ठरले. त्या दिवशी झिबिस्को फिरकलाच नाही आणि मान गामाला मिळाला. पुढे सतरा वर्षे लोटली. १९२८ च्या जानेवारीत पतियाळा येथे याच दोघांची जोड पुन्हा लागली. आता दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. या वेळी गामाने एक मिनिटही पुरे होऊ दिले नाही. झिबिस्कोची पाठ मातीला लावली.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. माणसे तीच दोन. एकदा अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा मिनिटाच्या आत चीतपट. लंडनला गादी होती, पतियाळास माती होती. लंडनला गामा परमुलखात होता, पतियाळास झिबिस्को परमुलखात होता. मधली सतरा वर्षे दोघांच्याही अंगावरून गेली होती. ती दोघांवरून सारखीच गेली असतील असे कोणी सांगावे? जी दोन माणसे एका काळात जगली आणि प्रत्यक्ष एकमेकांच्या अंगाला दोनदा भिडली, त्यांचाही निकाल जागा आणि वेळ बदलताच असा बदलतो. मग ज्यांनी एकमेकांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्यांचा निकाल पारावर बसून एका वाक्यात कसा लागावा?

हा छंद आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेत मुष्टियोद्ध्यांवरून हाच वाद रंगतो. रॉकी मार्सियानो हा ४९ लढती लढून, एकही न हरता, १९५६ साली निवृत्त झाला. मुहंमद अलीने १९६७ साली लष्करात भरती होण्यास नकार दिला; त्याचा किताब काढून घेतला गेला, परवाने बंद झाले आणि तो ऐन उमेदीत बेकार बसला. या दोघांत श्रेष्ठ कोण? एका रेडिओवाल्याने हा प्रश्न संगणकाला घातला. जाणकारांकडून दोघांच्या गुणदोषांचे आकडे मागविले आणि ते यंत्राला दिले. मग १९६९ साली दोघांनाही बंद जागेत समोरासमोर उभे करून लढतीचे चित्रीकरण केले. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरविले आणि डोक्यावर केसांचा टोप चढविला. शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले होते. त्यांतला कोणता दाखवावयाचा हे लढणाऱ्या दोघांनाही सांगितलेले नव्हते. १९७० च्या जानेवारीत अमेरिकेत चित्रपट लागला आणि तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो जय पाहावयास मार्सियानो मात्र नव्हता. आदल्या ऑगस्टात विमान अपघातात तो गेला होता. यंत्राने निकाल दिला खरा, पण यंत्राच्या तोंडात जे घातले तेच बाहेर आले. वाद त्यानंतरही थांबला नाही, यात नवल नाही.

आम्हांस विचाराल तर या यंत्राहून आपल्या गावचा पंच अधिक शहाणा. फडात जोड कशी लावतात ते आठवा. हलगी थांबते. पंच दोन पोरांना दंडाला धरून मधे आणतो, उंचीला उंची लावून पाहतो, खांदे चाचपतो, वय विचारतो, कोणत्या तालमीचा ते विचारतो, आज आधी किती कुस्त्या केल्यास तेही विचारतो. त्यात त्याची चूक झाली तर चारी बाजूंनी लोक ओरडतात, "जोड नाही! जोड नाही!" मग पंचाला ती जोड मोडावी लागते. पौषात म्हसाच्या जत्रेत बैल घ्यावयास गेलेला शेतकरीदेखील आधी दात पाहतो आणि मग किमतीचे बोलतो. असे हे शहाणपण आपल्या अंगवळणी पडलेले आहे. इतिहासातल्या माणसांची जोड लावताना तेवढे आपण ते विसरतो.

तेव्हा गामा विरुद्ध अमुक असा वाद निघाला की पंचाप्रमाणे चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

पहिला प्रश्न सालाचा. पैलवान कोणत्या सालचा? सतपालचेच घ्या. १९७७ साली बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्याला अस्मान दाखविले. ती कुस्ती पाहिलेली माणसे अजून तिचे वर्णन करताना उठून उभी राहतात. पण त्याच सतपालने पुढे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक घेतले. म्हणजे 'सतपाल' एवढे म्हणून भागत नाही. कोणता सतपाल, ते सांगावे लागते.

दुसरा प्रश्न वजनाचा. गादीवरच्या कुस्तीत वजनाचे गट असतात. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळविले, ते भारी वजनांच्या गटांत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले ते ५७ किलोच्या गटात. म्हाताऱ्यांच्या वादात खाशाबांचे नाव सहसा निघत नाही, त्याचे कारण एवढेच. हा वाद भारी माणसांचा. हलक्या माणसाला त्यात जागाच नाही.

तिसरा प्रश्न नियमाचा. जुन्या मातीतल्या कुस्तीत चीतपट झाल्याशिवाय निकाल नाही. दम संपेल पण वेळ संपणार नाही. आजच्या गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती आणि गुणांची मोजणी. तासभर दम राखून शेवटी एक डाव टाकणारा मल्ल आणि सहा मिनिटांत दहा गुण करणारा मल्ल, हे दोन वेगळ्या धंद्यांतले कारागीर आहेत. हातमागाचा विणकर आणि यंत्रमागाचा कामगार यांत सरस कोण, असे विचारण्यासारखेच ते झाले.

चौथा प्रश्न खुराकाचा. आणि येथे आमच्यातला संघटनेचा माणूस जागा होतो. पैलवानाचे दूध, तूप, बदाम, खारीक हे आकाशातून पडत नाही. ते कोणी तरी देतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला. १९०२ सालच्या विलायतवारीत त्यांनी रोममधली जुनी प्रेक्षागृहे पाहिली होती; त्या धर्तीवर त्यांनी कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभे केले, ते १९१२ साली खुले झाले. पंजाबात पतियाळाच्या दरबारने तेच केले. गामा हा असा संस्थानी खुराकावर पोसलेला मल्ल होता. १९६० साली लाहोरला तो वारला तेव्हा त्याला पोसणारी संस्थाने उरली नव्हती.

हा बदल एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाचा असेल तर पुन्हा खाशाबांकडेच वळावे लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा त्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे तो सहावा आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे ठरले तेव्हा महाराज होते, पण संस्थान नव्हते. आणि लोकांचे म्हणून जे सरकार आले होते त्याला अजून पैलवान दिसत नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्या लावून, त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

आता सांगा, गामा आणि खाशाबा यांची जोड कोणत्या काट्यावर लावावयाची? एकामागे दरबार, दुसऱ्यामागे गहाणखत. हा फरक वगळून जो 'मोठा कोण' असे विचारतो तो कुस्तीचा इतिहास सांगत नाही, तो केवळ नावे उच्चारतो.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. काही माणसे अशी की त्यांची जोडच कोणी लावू दिली नाही. आपल्या तालुक्यांचा दरवाजा म्हणजे कल्याण. त्या कल्याणात हमीदा बानू नावाची स्त्री-मल्ल राहून गेली. १९५४ साली तिने बडोद्यास बाबा पहलवान नावाच्या पुरुष मल्लाला दीड मिनिटात हरविले होते. वर्तमानपत्रांनी तिचा खुराक आणि तिचे वजन चवीने छापले. पण बाईने पुरुषाशी लढावे हे कुस्तीच्या कारभाऱ्यांना मानवले नाही, आणि ठरलेल्या कुस्त्या रद्द होत गेल्या. पुढे तिने कल्याणात दूध विकून संसार केला आणि पैशाची अडचण आली तेव्हा रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले. पारावरच्या वादात तिचे नाव आम्ही एकदाही ऐकलेले नाही. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती २०२३ साली. पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेला तेव्हा बासष्ट वर्षे होऊन गेली होती.

आणि लांब कशाला जावे? आमच्या भागातल्या कातकरी वाड्यांवरची पोरे घ्या. अंगाने काटक, पायात चपळ. दिवाळी झाली की घरेच्या घरे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पाऊस जवळ आला म्हणजे परततात. जत्रेचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच. १९७६ साली वेठबिगारीबंदीचा कायदा झाला. पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही हा अनुभव कायद्याच्या पुस्तकाने पुसला गेला नाही. ज्या संध्याकाळी फडात रेवडीच्या कुस्त्या लागलेल्या असतात, त्या संध्याकाळी ही पोरे कच्च्या विटा उलथीत असतात. यांच्यात एखादा खाशाबा नव्हताच असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

येथवर ऐकून कोणी म्हणेल की हे सारे गमतीच्या वादाला फार जड झाले. म्हणून आता ही चुकीची जोड माणसाच्या पाठीवर कशी पडते ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या एका कारखान्यात बोलणी चालली होती. मालाची पोती उतरविण्याचा कोटा वाढवावयाचा होता. व्यवस्थापनाच्या बाजूचे गृहस्थ मोठ्या आपुलकीने म्हणाले, "अहो, तुमच्या बापांच्या पिढीतले हमाल शंभर किलोचे पोते एकटे पाठीवर घेत. तुमची पोरे पन्नासाला कुरकुरतात!" आमची पोरे खाली माना घालून बसली. बापाचा मोठेपणा नाकारावा कसा? आम्ही तेव्हा फडातल्या पंचाचेच प्रश्न विचारले. तो हमाल दिवसात किती पोती उचलीत होता? किती पावलांवर? दोन खेपांत किती विसावा होता? आणि पन्नाशीला त्याची कंबर कशी होती? एकाही प्रश्नाला उत्तर आले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली, ती त्या बापांच्या पाठी पाहूनच. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोही त्याच पिढीने लढून मिळविला. म्हणजे ज्या बापांचे नाव घेऊन पोरांना लाजविले जात होते, त्या बापांनीच ते ओझे नको म्हणून सांगितले होते.

हे सांगून आम्ही आमची पाठ थोपटून घेतली असती तर बरे दिसले असते. पण तीच चूक आम्हीही केली आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

एका कारखान्यातला संप आठव्या दिवशी ढिला पडू लागला. गेटसभेत आमचा तोल सुटला. आम्ही म्हणालो, "१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी यंत्रे थांबविली. आमचे वडील त्यांत होते. वर्ष उलटले तरी ते मागे फिरले नाहीत. आणि तुम्ही? तुमचा आठवड्यात दम संपला?" सभेत कोणी बोलले नाही. सभा सुटल्यावर एक पंचविशीचा पोरगा जवळ आला. जत्रांच्या फडात नारळावरच्या कुस्त्या करणारा, अंगाने हलकाच. तो म्हणाला, "भाऊ, रागावू नका. पण जोड बरोबरीची लावा. तुमच्या वडिलांचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते. आमचे ठेकेदाराच्या वहीत आहे, आणि तेही पेन्सिलीने."

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. तो बोलला ते खरे होते. आणि त्याने न बोललेलेही आम्हांस ठाऊक होते. आमचे वडील वर्षभर टिकले ते नुसत्या छातीवर नव्हे. संप लांबला तसे ते आसनगावला उतरून घरी आले. घरी अडीच एकर भाताचे शेत होते, आईच्या हाताखाली दोन म्हशी होत्या, चुलत्यांचे कणगे भरलेले होते. गिरणगावचा संप असा गावोगावच्या भातावर पोसला गेला. तोच त्याचा खुराक होता. त्या पोराच्या बापाचे शेत केव्हाच विकले गेले होते, खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावयाचे होते, आणि नवव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करावयास ठेकेदार मोकळा होता. त्या स्थितीत तो आठ दिवस उभा राहिला. गिरणीतही बदली कामगारांची स्थिती काही निराळी नव्हती, आणि तेही लढले; पण आम्ही गेटवर जी जोड लावली ती भारी विरुद्ध हलका अशीच होती. फड असता तर लोकांनी आम्हांस ओरडून खाली बसविले असते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गेटवर आमचे शब्द परत घेतले, आणि त्या पोराच्या देखत घेतले.

त्या दिवसापासून मेलेल्या पिढीचा मोठेपणा घेऊन जिवंत पिढीच्या डोक्यात घालणे आम्ही सोडले. तसे केल्याने मेलेल्यांचा मान वाढत नाही, आणि जिवंतांचा उगीच जातो. आजची पोरे पूर्वीच्यांपेक्षा सरस, असे मात्र आमचे म्हणणे नाही. तीही बिनपंचाची जोडच होईल.

तेव्हा पुढच्या चैत्रात फडाच्या कडेला बसाल तेव्हा वाद जरूर घाला. गामा आणा, खंचनाळे आणा, माने आणा, बिराजदार आणा. फक्त आधी विचारा: कोणत्या सालचा, किती वजनाचा, कोणत्या मातीत, आणि कोणाच्या खुराकावर. हे चार प्रश्न नीट विचारले तर निकाल लागणार नाही. पण संस्थाने कशी गेली, कारखाने कसे आले, कोणाला दूध मिळाले आणि कोणाला उचल मिळाली, हा सारा इतिहास त्या ओघात तुमच्या पुढ्यात येईल. आणि ज्याची जोड कधी लागलीच नाही त्याचेही नाव एकदा घ्या. दमदार जोड तुटत नाही असे दिसले म्हणजे आपले पंच दोघांचेही हात वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सोडतात. त्यात कोणाचाच अपमान होत नाही.